संकल्पाची ओळ

बोरिवली मुंबईत जमा झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. जमा झाली ती सरकारी कागदावर. बाकी गाव होतं तिथंच होतं. स्टेशनाबाहेर टांगे उभे असत, कान्हेरीच्या डोंगराकडून बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन येत, आणि आपण मुंबईकर झालो म्हणजे नेमकं काय झालो हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कर्णिकांच्या घरी तर त्याची चर्चासुद्धा झाली नाही. त्यांच्याकडे त्या वर्षी विषय एकच होता, तो म्हणजे वसुधाच्या वह्या.

वसुधा ही कर्णिकांची सून. वय तिशीला टेकलेलं, लग्नाला दहा वर्षं झालेली, आणि मांडीवर मूल नाही. नवरा श्यामकांत फोर्टातल्या एका आगबोट कंपनीत कारकून. सासरे, ज्यांना अख्खी आळी भाऊ म्हणायची, ते दोन वर्षांपूर्वी वारले. नणंद पद्मजा मुलुंडला दिलेली. उरल्या सासूबाई, म्हणजे माई. घरात काय शिजायचं, कोण कधी बोलायचं आणि देवाकडे काय मागायचं, हे सगळं माई ठरवत. वाईट होत्या असं नाही. पण सगळं आपल्यालाच कळतं अशी एकदा खात्री पटली की माणूस दुसऱ्याला विचारत नाही, आणि माईंची ती खात्री लग्नाच्या दिवसापासूनच पटलेली होती.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी माईंनी सुनेला लाख रामनामाचं व्रत धरायला लावलं. हे व्रत लिहून करायचं. वहीच्या एका पानावर एकशे आठ वेळा ‘श्रीराम’ लिहायचं, अशी ऐंशी पानं झाली की वही पुरी. बारा वह्यांत लाखाच्या वर नावं होतात. वरची थोडी चुकली-माकली तर असावीत म्हणून. रामनवमीला उद्यापन करायचं आणि लाल फडक्यात बांधून सगळ्या वह्या देवळात नेऊन द्यायच्या. वाण्याकडे मिळायची ती वही शहाण्णव पानांची. उरलेली सोळा पानं कोरी ठेवायची, ती देवाची, असं माईंनी बजावून ठेवलं होतं.

आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, संकल्पाची एक ओळ. हे कशासाठी लिहितो आहोत ते देवाला आधी सांगायचं. माई म्हणत, संकल्प लिहिणाऱ्याच्याच हातचा हवा, नाहीतर फळ नाही. म्हणून माई समोर बसून सांगत आणि वसुधा लिही: ‘माझ्या पोटी पुत्र व्हावा म्हणून.’ हात लिहिणाऱ्याचा झाला. शब्द कुणाचे याबद्दल शास्त्रात बहुधा काही सांगितलेलं नसावं.

जेवणखाण, भांडी, ओटा आटोपला की दोनच्या सुमाराला वसुधा मागच्या पडवीत पाट टाकून बसायची. तिथून विहीर दिसे, आणि विहिरीपलीकडचं भोकराचं झाड. साडेतीनपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही. शेजारच्या प्रेमाकाकू मीठ मागायला आल्या तरी माई ओठावर बोट ठेवून त्यांना परत पाठवत. दहा वर्षांत या घरात वसुधाला एकटं बसायला मिळालं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन महिने तिला रामापेक्षा त्या दीड तासाचंच अप्रूप वाटत होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही होतं असं मला वाटत नाही.

रविवारी श्यामकांत पानं मोजायचा. कचेरीतून आणलेल्या लाल-निळ्या पेन्सिलीनं तो प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बरोबरची खूण करी. ऐंशीव्या पानावर तारीख घाली. पुढची कोरी पानं तो उलटत नसे. काम म्हणाल तर चोख. बायको हे सगळं का लिहिते आहे, तिला काय वाटतं, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

पौषात पद्मजाच्या दिवसांत काहीतरी अडचण निघाली. डॉक्टरनं प्रवास नको म्हटल्यामुळे ती माहेरी येऊ शकली नाही, आणि माईंनाच तीन महिन्यांसाठी मुलुंडला जावं लागलं. जाताना त्यांनी डबे, बरण्या, दूधवाला, मोलकरीण सगळ्यांबद्दल सूचना दिल्या. त्या टांग्यात बसल्या आणि तिसऱ्याच दिवशी वसुधाची सातवी वही संपली.

आठवी वही तिनं उघडली. पाट मांडला, दौत ठेवली, टाक बुडवला. सवयीनं ‘माझ्या’ लिहायला हात खाली आला आणि तिथंच राहिला. समोर सांगायला कुणी नव्हतं. पडवीत ती, वही आणि विहिरीवर बसलेला एक कावळा. ‘माझ्या पोटी’ यातलं ‘माझ्या’ म्हणजे कोण, असा एक विचित्रच प्रश्न तिच्या मनात आला. टाकाची शाई वाळली. तिनं पुन्हा बुडवला. पुन्हा वाळली. शेवटी संकल्पाची ओळ कोरी सोडून तिनं खाली ‘श्रीराम’ लिहायला सुरुवात केली. उद्या लिहू, असं स्वतःला सांगितलं.

उद्याही लिहिलं नाही. परवाही नाही.

चौथ्या दिवशी गोराईची फिलोमिना भाजी घेऊन आली. खाडी ओलांडून, डोक्यावर पाटी घेऊन ही बाई आठवड्यातून दोनदा यायची. लाल माठ, मुळे, वालाच्या शेंगा. माई असताना व्यवहार दोन वाक्यांत संपे. आज वसुधा एकटी दिसल्यावर तिनं पाटी उतरवली, पाणी मागितलं आणि पायरीवर टेकली.

“म्हातारी कुठं गेली?” तिनं विचारलं.

“मुलुंडला. नणंदेचे दिवस भरलेत.”

“देव सुखरूप सोडवो.” फिलोमिनानं छातीवर क्रूस काढला. “तुला किती गं, बाय?”

या प्रश्नाला वसुधाचं उत्तर ठरलेलं होतं. “काही नाही,” ती म्हणाली, आणि बोलणं आपल्यावरून जावं म्हणून विचारलं, “तुला?”

“मला पाच. तीन घरात आणि दोन देवाकडे. एक मार्टिन, तो सहा महिन्यांचा होऊन गेला. एक रोझी, ती दोन दिवसांची.”

“दोन दिवसांची, आणि नाव ठेवलंत?”

“आमच्यात नाजूक पोर असलं की लगेच पाण्याचा हात लावून नाव देतात. बिननावाचं कसं जाऊ द्यायचं त्याला?” फिलोमिनानं मुळ्याची जुडी पुढे केली. “हे घे, कोवळे आहेत.”

ती गेली. वसुधानं मुळे आत नेऊन ठेवले आणि पडवीत येऊन बसली. पाच, असं ती बाई म्हणाली होती. तीन म्हणाली नव्हती. वसुधानं आठवी वही घेतली, ऐंशी पानं मागे टाकली, आणि देवाच्या म्हणून कोऱ्या ठेवलेल्या पानांतलं पहिलं पान उघडलं. पाप लागेल की काय ते नंतर पाहू, असं तिनं ठरवलं. संकल्प लिहायचा तर आधी कच्चा लिहून बघायला हवा. शाळेत निबंधाचा कच्चा खर्डा करत तसा.

मराठी सातवी झालेली बाई. पत्रांपलीकडे काही लिहिलेलं नाही. तिनं वर लिहिलं, ‘मला काय हवं आहे?’ आणि त्याखाली सुचेल ते लिहीत सुटली. दुसऱ्या कुणीतरी करून दिलेला आयता चहा हवा. पडवीला पश्चिमेची खिडकी हवी. प्रेमाकाकूंनी ‘यंदा तरी काही आहे का गं’ विचारणं थांबवायला हवं. एकदा दुपारी झोपायला हवं. लिहिता लिहिता तिला हसू आलं. रामाकडे लाख नावांच्या बदल्यात चहा मागणारी भक्तीण त्यानं पहिलीच पाहिली असती.

मग तिनं नेटानं लिहिलं, ‘मला मूल हवं आहे.’

वाक्य लिहून झाल्यावर ती बघत बसली. अक्षर तिचंच. पण वाचताना कानात आवाज आला तो माईंचा. तिनं ते खोडलं आणि खाली लिहिलं, ‘मला मूल नको आहे.’ हे वाचून तिला धस्स झालं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. पण भीती ओसरल्यावर लक्षात आलं की हेही खरं नाही. आळीतल्या कुणाचं तान्हं हातात घेतलं की ते परत देताना तिचे हात जड होत. नको असणाऱ्या बाईचे होत नाहीत.

मनातल्या मनात विचार करताना एक सोय असते. नकोसं वाक्य अर्ध्यावर सोडून माणूस भाजी चिरायला उठतो. कागदावर सोडलं तर ते तिथंच तोंड वासून पडून राहतं आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता परत भेटतं. वसुधाला ती खोडलेली दोन वाक्यं तीन दुपारी भेटली. रोज चार पानं नाम लिहायची आणि मग मागच्या पानाशी यायची. चौथ्या दुपारी तिनं फार विचार न करता तिसरं वाक्य लिहिलं.

‘मला माझी मुलगी हवी आहे.’

हे खरं होतं. ते लिहिल्यावर तिला रडू आलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते अडवायला कुणी जवळ नव्हतं. ती पोटभर रडली.

सहा वर्षांपूर्वी याच घरात, मधल्या खोलीत, तिला मुलगी झाली होती. वसुधाला माहेरचं कुणी उरलेलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगी बारीक होती, पण रडायची खणखणीत. तिच्या पापण्यांवर निळसर शिरा दिसत. पाचव्या दिवशी पाचवी पुजली. सटवाईनं येऊन बाळाचं नशीब लिहावं म्हणून माईंनी पाटावर कोरा कागद आणि टाक ठेवला. बारशाच्या घुगऱ्यांसाठी भाऊंनी हरभरे आणून ठेवले. बारसं बाराव्या दिवशी, तोवर नाव उच्चारायचं नाही. मुलगी नवव्या दिवशी सकाळी गेली.

त्यानंतर जे झालं ते कुणी वाईट हेतूनं केलं नाही. भाऊ आणि श्यामकांत पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तिला घेऊन गेले आणि डोक्यावरून पाणी घेऊन परत आले. एवढ्या लहान मुलाचं दहावं-बारावं नसतं. नाव नव्हतं, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचं तर काय म्हणून बोलायचं तेही कुणाला सुचेना. ‘ते झालं तेव्हा’ असं घरात म्हणू लागले. मग तेही थांबलं. दोन वर्षांनी शेजारी नव्यानं राहायला आलेल्या प्रेमाकाकू वसुधाला ‘पहिलटकरणीला जरा जपावं लागेल हो’ म्हणाल्या, आणि कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. वसुधानंही नाही.

हे सगळं ती त्या पानांवर लिहीत गेली. रोज थोडं. ज्या गोष्टी आपल्याला आठवतात हेच तिला ठाऊक नव्हतं, त्या लिहिताना येत. एका दुपारी तिनं लिहिलं, ‘बारशाच्या हरभऱ्यांची पुढच्या पंधरवड्यात उसळ केली. टाकून कसे द्यायचे. मी वाढून घेतली आणि खाल्ली. चांगली झाली होती.’ एवढं लिहून तिनं वही मिटली आणि दोन दिवस उघडली नाही. नामसुद्धा लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी बसली तेव्हा आपल्याला काय हवंय ते तिला नेमकं लिहिता आलं. ‘तिला कुठं ठेवलंय ते मला बघायचं आहे. त्यांना विचारायचं आहे.’

संकल्प म्हणावा असं हे पहिलंच वाक्य होतं. देवाकडे मागायचं त्यात काही नव्हतं, नवऱ्याला विचारायचं होतं. दहा वर्षांच्या संसारात ते जास्त अवघड होतं.

रविवारी सकाळी श्यामकांत पेन्सिल घेऊन बसला. आठव्या वहीचं पहिलं पान उघडून तो म्हणाला, “संकल्प अजून लिहायचा राहिलाय गं.”

“राहिला नाही. ठेवलाय,” वसुधा म्हणाली. ती समोर बसून वाल सोलत होती. हात तिनं थांबवला नाही, कारण थांबवला असता तर पुढचं बोलवलं नसतं. “अहो, तिला कुठं ठेवलंत?”

“कुणाला?” असं त्यानं विचारलं नाही. ते त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पेन्सिल त्यानं पानावर टेकवली.

“ओढ्याच्या पलीकडं,” तो म्हणाला. “स्मशानाच्या मागं. लहान मुलांना तिथंच नेतात.”

“तिथं कुठं? खूण काय?”

“मला नाही ठाऊक.”

“म्हणजे?”

“मी अलीकडे थांबलो. भाऊ म्हणाले, तू नको येऊस, मी करतो. मी नाही गेलो.” त्यानं मान वर केली नाही. “त्यांनी एकट्यानं केलं सगळं. मी वाटेवर उभा होतो.”

“नंतर कधी विचारलंत त्यांना?”

“नाही.”

“चार वर्षं होते ते. का नाही विचारलंत?”

“त्यांनी सांगितलं असतं म्हणून,” श्यामकांत म्हणाला.

वसुधाला राग आला. इतका आला की वालाच्या टोपलीला हात लागून अर्धे वाल जमिनीवर सांडले. सहा वर्षं ती समजत होती की घरातले पुरुष काहीतरी जाणतात आणि आपल्याला सांगत नाहीत. तिथं जाणणारा एकच होता आणि तो आपल्याबरोबर सगळं घेऊन गेला. तिनं खाली बसून वाल गोळा केले. श्यामकांतही खाली बसला आणि गोळा करू लागला. एकेक वाल पुसून तो टोपलीत ठेवत होता, ते तिनं पाहिलं. रागावून पुढे बोलायचं होतं ते मग तिच्यानं बोलवलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दोघं तिथं गेली. ओढ्याला पाणी बेताचंच होतं. अलीकडच्या काठावर करंजाचं झाड होतं, त्याखाली श्यामकांत थांबला. “इथं,” तो म्हणाला, “इथं मी उभा होतो.” त्याला दाखवता येण्यासारखी तेवढीच जागा होती. या वेळी तो थांबला नाही, तिच्याबरोबर ओढा उतरून पलीकडे आला. पलीकडे लांबवर गवत, रानतुळस, काही ठिकाणी नुसते दगड. कुठला दगड कुणी ठेवलेला आणि कुठला आपोआप पडलेला, ते कळायला मार्ग नव्हता. दोघं ऊन चढेपर्यंत हिंडली. मग वसुधा म्हणाली, “चला. आता नाही सापडायचं.” परतताना तो ओढ्यात हात द्यायला थांबला आणि तिनं हात धरला.

दुसऱ्या दिवशी तिनं वहीत लिहिलं, ‘जागा सापडली नाही. ती गेली. मग माझ्याकडे तिचं आहे काय?’ याचं उत्तर लिहायला तिला त्या दुपारी एक ओळही पुढे जावं लागलं नाही. तिच्याकडे एक गोष्ट होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. पाचवीच्या दिवशी पाटावरच्या त्या कोऱ्या कागदाकडे बघता बघता तिनं मनात मुलीचं नाव ठरवून टाकलं होतं. बारशाला नणंदेच्या कानात सांगायचं म्हणून सांभाळून ठेवलं होतं. नंतर ते तिनं मनातसुद्धा उच्चारलं नाही. आता तिनं टाक बुडवला, वहीचं पहिलं पान काढलं, आणि इतके दिवस कोऱ्या राहिलेल्या ओळीवर लिहिलं: ‘कुमारी नीला श्यामकांत कर्णिक, हिच्यासाठी.’

मग खालची ‘श्रीराम’ची ओळ तिनं वाचली. आठ वह्यांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण हे कुणाला तरी सांगतो आहोत.

नवव्या वहीवर तोच संकल्प. दहाव्या, अकराव्या, बाराव्यावरही तोच. श्यामकांतनं ते वाचलं. नवव्या वहीच्या पहिल्या पानावर खूण करताना त्याची पेन्सिल ओळीजवळ थांबली. नावाखाली त्यानं बोट फिरवलं आणि मग कोपऱ्यात खूण केली. “माई येतील,” एवढंच तो म्हणाला.

“येऊ देत,” वसुधा म्हणाली. पण माईंनी वह्या फाडल्या, किंवा नुसतं ‘हे काय भलतंच’ म्हणून ती ओळ खोडायला लावली, तर नीला दुसऱ्यांदा जाईल असं तिला वाटत होतं. तसं झालं तर या घरात आपण पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हेही तिनं मागच्या पानांवर लिहून ठेवलं होतं.

पद्मजाला दुसराही मुलगाच झाला. माई रामनवमीच्या दोन दिवस आधी परतल्या, तोंडभर नातवाचं कौतुक घेऊन. नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी पाटावर बारा वह्या मांडायला लावल्या. प्रत्येक वहीचं पहिलं पान उघडायचं, संकल्पाला हळदकुंकू वाहायचं, मग वह्या बांधायच्या. माईंनी चष्मा लावला. सात वह्या झरझर झाल्या. आठवी उघडली, आणि कुंकवाचं बोट वरच राहिलं. त्या एकेक अक्षर जुळवून वाचत असत.

“कु-मा-री नी-ला.” त्यांनी नववी उघडली. दहावी. बारावीपर्यंत सगळ्या उघडल्या. “ही कोण?”

“तुमची नात,” वसुधा म्हणाली.

“कुठली नात? मला पद्मजाचेच दोन मुलगे आणि...” माई बोलता बोलता थांबल्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला. “देवाच्या वहीत हे लिहिलंस? आठ महिने मी सगळ्यांना सांगते आहे, सून मुलासाठी लिहिते आहे. आणि तू गेलेल्या पोरीसाठी... फळ काय मिळायचं याला?”

“काही नाही मिळायचं. मला त्याच्या बदल्यात काही मागायचं नाही.” वसुधाचे शब्द तयार होते, ते तिनं बऱ्याच दुपारी लिहून पाहिले होते. “माई, मला पुढचं मूल हवं की नको, ते मला अजून कळत नाही. खरंच कळत नाही. आधीचीचं नाव घेतल्याशिवाय कळायचंही नाही. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगते, मला काही नाही. मला होती.”

माईंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं. “नाव कुणी ठेवलं?”

“मी.”

“केव्हा?”

“पाचवीला. तुम्ही कागद ठेवलात तेव्हा.”

“मला नाही सांगितलंस.”

“बारशाला सांगणार होते.”

माईंनी आठवी वही हातात घेतली, उलटली, आणि मागची लिहिलेली पानं त्यांना दिसली. “हे काय?”

“माझं आहे.”

“हे देवळात द्यायचं नाही,” माई म्हणाल्या. वसुधाला वाटलं, आता फाडणार. पण त्यांनी सुईच्या डबीतून कात्री काढली, ती पानं शिवणीजवळून अलगद कापून सोडवली आणि एक शब्दही न वाचता सुनेच्या मांडीवर ठेवली. “दुसऱ्या वह्यांचीही कोरी पानं काढून घे. लागतील तुला.” मग त्या पाटाला हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. डबे सरकवल्याचा आवाज बराच वेळ येत होता. वह्या तशाच उघड्या पडून होत्या. पाच वह्यांच्या संकल्पावर कुंकू नव्हतं.

सकाळी वसुधा न्हाऊन आली तेव्हा बाराही ओळींवर हळदकुंकू होतं आणि वह्या लाल फडक्यात बांधून तयार होत्या. चुलीवर मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. तिनं झाकण उचललं. हरभरे होते. रात्रभर भिजवलेले, टपोरे फुगलेले. बाजूला खोबरं किसून ठेवलेलं.

जन्मकाळ झाला, वह्या देवळात पोचल्या. दुपारी आळीतल्या बायका प्रसादाला आल्या. माई दारात पातेलं घेऊन बसल्या होत्या आणि ज्याच्या त्याच्या हातावर डावानं वाढत होत्या. श्यामकांत सर्वांत आधी येऊन ओंजळ पुढे करून उभा राहिला. घेतलं, आणि तिथंच उभं राहून एकेक दाणा खात राहिला. वसुधा माईंच्या आणि त्याच्या मधे उभी होती.

प्रेमाकाकूंनी हातातलं बघितलं. “माई, रामनवमीला सुंठवडा असतो. या घुगऱ्या कसल्या? पद्मजाच्या मुलाच्या का? त्याचं बारसं तर मुलुंडला झालं म्हणालात.”

“पद्मजाच्या नाहीत. श्यामच्या मुलीच्या आहेत,” माई म्हणाल्या. डाव पातेल्यात तसाच होता. “सहा वर्षांमागं झाली, नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं करायचं राहून गेलं होतं आमच्याकडून.”

प्रेमाकाकू तोंडाळ असल्या तरी मनानं कोरड्या नव्हत्या. त्यांनी हातातल्या घुगऱ्यांकडे पाहिलं, पदर सावरला, आणि बारशाला आलेली कुठलीही बाई विचारते ते विचारलं.

“नाव काय ठेवलंत?”

माईंनी वळून सुनेकडे बघितलं.

“नीला,” वसुधा म्हणाली.